कॅप्टन अक्कांची सात गाठींची दोरी

दोरीची गाठ हातात घेऊन ती कोणी मारली, हे कॅप्टन अक्का सांगू शकत. मी इंजिनिअर माणूस. असल्या गोष्टींवर चटकन विश्वास ठेवणं मला जमत नाही. म्हणून एका रविवारी मी सतरा मुलींच्या सतरा दोऱ्या एका पिशवीत घातल्या, चांगल्या कालवल्या आणि अक्कांच्या पुढे धरल्या. त्यांनी आधी चष्मा काढून ठेवला. मग एकेक दोरी उचलून गाठीवरून अंगठा फिरवत ती ज्या मुलीची तिला देऊन टाकली. एकही चुकली नाही. एका दोरीपाशी मात्र त्या जरा थांबल्या आणि कयल नावाच्या मुलीला तमिळमध्ये म्हणाल्या, "जेवली नाहीस ना आज?" कयलने मान खाली घातली. ती खरंच जेवली नव्हती. मी पिशवीची घडी करून खिशात घातली आणि पुन्हा त्यांची परीक्षा घ्यायच्या भानगडीत पडलो नाही.

त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, वय बहात्तर, मुलींच्या एका शाळेतून पीटी टीचर म्हणून निवृत्त झालेल्या. राहायला चेन्नईत, एग्मोरला. दर रविवारी त्या लोकल पकडून शहराच्या दक्षिण टोकाला तांबरमला येत आणि स्टेशनमागच्या एका जुन्या शाळेच्या मैदानावर मुलींची गाईडची तुकडी चालवत. सगळं तांबरम त्यांना कॅप्टन अक्का म्हणायचं. फाटकाशी पेरू विकणारा माणूससुद्धा. गडद निळी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांत मोगऱ्याचा एवढासा गजरा आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मी कधी ऐकली नाही. मुलींना गोळा करायचं असलं की त्या उजवा हात वर करून उभ्या राहायच्या, बस्स. पहिल्या दिवशी मुलींचा कालवा चालला होता आणि वर विमानदलाचं एक विमान घिरट्या घालत होतं. अक्का हात वर करून उभ्या होत्या. मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं! बहात्तराव्या वर्षी सहा मिनिटं हात वर धरून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. सातव्या मिनिटाला मैदानावर चिटपाखरू बोलत नव्हतं. "आवाज केला तर आवाज ऐकतात," त्या मला नंतर म्हणाल्या, "गप्प राहिलं तर माणूस ऐकतात."

आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो त्याला कारण आमची सई. अकरा वर्षं आम्ही जर्मनीत काढली. सई तिथेच जन्मली. मग माझ्या कंपनीने चेन्नईजवळच्या कारखान्याचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि मी ते हौसेने घालून घेतलं. 'आपल्या देशात' जायचं म्हणून मी आणि माझी बायको मृणाल खूश होतो. आपला देश म्हणजे आम्हा दोघांच्या डोक्यात पुणं होतं. तांबरमला उतरल्यावर कळलं, की भाषा येत नाही, रिक्षावाल्याशी भांडता येत नाही, भाजीवालीचे आकडे समजत नाहीत, आणि सईइतकेच आपणही परदेशात आहोत. सईच्या लेखी तर तिचा देश मागे राहिला होता. तिथे ती दर शनिवारी स्काउटच्या मुलांबरोबर जंगलात जायची, शेकोटी पेटवायची, चिखलाने माखून घरी यायची. ते सगळं आम्ही एका सहीत संपवलं होतं. तिने विमानातच मला विचारलं, "मला नाही आवडलं तर?" मी म्हणालो, "सहा महिने बघ. मेअखेर तू म्हणालीस, तर आपण परत जाऊ." कंपनीने माझी तिथली जागा जूनपर्यंत राखून ठेवली होती, तेव्हा शब्द खरा होता. फक्त तो पाळायची वेळ येऊ नये, असं मला मनातून वाटत होतं. सईने आपल्या खोलीच्या दाराला कॅलेंडर चिकटवलं आणि रोजचा दिवस लाल पेनने खोडायला सुरुवात केली.

मग मी हुशारी केली. संगणकावर एक तक्ता बनवला. बुद्धिबळ, भरतनाट्यम, रोबोटिक्स, पोहणं, कीबोर्ड. पुढे घरापासूनचं अंतर, वार, वेळ, शिक्षकांबद्दल लोकांची मतं, आणि शेवटच्या रकान्यात मी दिलेले गुण. दर आठवड्याला एका वर्गाची चाचणी. सई शहाण्या मुलीसारखी प्रत्येक ठिकाणी गेली, सांगितलं ते सगळं तिने केलं आणि घरी येऊन त्या ओळीवर काट मारली. भरतनाट्यमच्या बाईंनी तर तिचं कौतुक केलं. सई म्हणाली, "छान होतं. पण ते लोक मला शिकवत होते." मला त्यात तक्रार कसली ते कळेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी, जे स्वतः रेल्वेत होते, मैदानाचा पत्ता दिला. माझ्या तक्त्यात त्याला एकही गुण मिळाला नसता. धड बोर्ड नाही, फोन नंबर नाही, वेळ 'चारच्या सुमाराला'.

पहिल्या रविवारी मी सईचा हात धरून मैदानात शिरलो तर अक्कांनी चिंचेखालच्या बाकाकडे बोट दाखवलं. माझ्याकडे बघून त्या मराठीत बोलल्या, आणि ते मराठी ऐकून मी चाटच पडलो. "तुमी पाव्हणे. पाव्हणे बसाचं, कापी प्याचं. काम कराचं नाही." कापी म्हणजे कॉफी. ती त्या स्वतः थर्मासमधून घेऊन येत आणि बाकावरच्या प्रत्येक आईबापाला स्टीलच्या लोट्यातून देत. लोटा रिकामा झाला तरी बाक सोडायचा नाही. मुलगी पडली तरी नाही, रडली तरी नाही. एका आईने एकदा धावत जाऊन मुलीच्या बुटाची नाडी बांधली.  अक्कांनी वाकून ती नाडी सोडली आणि मुलीच्या हातात दिली. आईला त्यांनी दुसरा लोटा भरून दिला.

सईचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी जुळलं ते या मराठीमुळे. सईचं मराठी फक्त घरातलं. शाळा नाही, शेजारी नाही, पुस्तकं दोन-चार. तिकडे बोलताना ती मधेच अडखळायची आणि इथे पुण्याचे नातेवाईक फोनवर तिच्या उच्चारांना हसले, तेव्हापासून तिने तोंडच मिटलं होतं. अक्कांचं मराठीही घरातलंच, फक्त तीनशे वर्षांचं. "अमी पण भिंतीच्या आतच बोललों गा," त्या सईला म्हणाल्या. "बाहेर अस्के तमिळ. लोक हसतात. हसू दे. तू बोल." अस्के म्हणजे सगळे, हे सईला मला विचारावं लागलं नाही. उलट घरी आल्यावर तिने आम्हालाच सांगितलं, "बाबा, त्या 'अहे' म्हणतात. मीपण म्हणणार." पुढे आठवडाभर आमच्या घरात 'जेवण तयार अहे', 'बाबा झोपले अहे' असं चाललं. मृणालला हसू आवरेना.  दीड महिन्यात पोरगी पहिल्यांदा आपणहून बोलत होती.

आता त्या सात गाठींबद्दल. रोज एक तरी सत्कृत्य करायचं, हा गाईड मुलींचा नियम. अक्का दर रविवारी प्रत्येकीला सुतळीएवढी पांढरी दोरी देत आणि मुली तिला सात गाठी मारत. रोज कुणाचं तरी काही काम केलं की एक गाठ सोडायची. काय केलं ते कुणालाही सांगायचं नाही, अक्कांनाही नाही. पुढच्या रविवारी दोरी परत. अक्का दोरीवरून अंगठा फिरवत, "बेस," म्हणत आणि पिशवीत टाकत. सात सोडल्या म्हणून शाबासकी नाही, दोनच सोडल्या म्हणून शिक्षा नाही. असल्या कारभारातून काय निष्पन्न होणार, असं मी मृणालला म्हणालो होतो. मोजमापच नाही!

मार्चमध्ये दीक्षाविधी ठरला. नव्या मुली वचन घेणार आणि त्यांना गळ्यात स्कार्फ मिळणार. माझ्या दृष्टीने हा स्कार्फ म्हणजे सईचा इथे राहण्याचा परवाना होता. तो एकदा गळ्यात पडला की मे महिन्याची काळजी मिटली, असा माझा हिशोब. त्या रविवारी दुपारी सई आंघोळीला गेली होती. तिची दोरी टेबलावर पडलेली. मी सहज उचलून बघितली. पाच गाठी शिल्लक! आजवर प्रत्येक आठवड्याला तिने दोरी साफ मोकळी नेली होती आणि नेमक्या दीक्षेच्या दिवशी पाच! अक्का दीक्षा पुढे ढकलणार, सई फुरंगटणार, आणि आम्ही सामान बांधणार. मी विचार केला नाही. पाचही गाठी नखांनी सोडल्या. सोडल्यावर दोरीला वेडीवाकडी वळणं राहिली, ती दिसतील म्हणून मी इस्त्री काढली आणि दोरीला व्यवस्थित, पाण्याचा हात लावून, इस्त्री केली. इंजिनिअरने काम केलं की ते असं होतं. सईला म्हणालो, "तुझी दोरी पिशवीत ठेवली गं."

मैदानावर अक्कांनी दोरी हातात घेतली आणि अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकन गेला. त्या 'बेस' म्हणाल्या नाहीत. त्यांनी सईला विचारलं, "कोण सोडले गा ह्या?" सईने दोरीकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "पाच होत्या, अक्का," ती म्हणाली. "मी पाच आणणार होते. खरंच." आणि तिने वळून थेट चिंचेखाली पाहिलं. सतरा मुली, चार आया, दोन बाप, सगळ्यांनीच पाहिलं.

अक्का बाकापाशी आल्या. त्या माझ्याजवळ बसल्या आणि अगदी हळू आवाजात बोलल्या. "आठ आठवडे ही पोर खोटी दोरी आणली. अस्क्या सोडून. मला कळत होतं. एकाच वेळी सोडलेल्या गाठी वेगळ्या असतात. मी काय बोललों नाही. थांबलों." मग दोरीकडे बघत म्हणाल्या, "जाणारी पोर दोरी मोकळी करून आणते. तिला काय त्याचं? राहणारी पोर गाठी तशाच घेऊन येते. आज ती पाच आणत होती. ह्या पाचांसाठी मी आठ आठवडे थांबलों, आणि तुमी त्याला इस्त्री केलां."

मी आयुष्यात बऱ्याच साहेबांची बोलणी खाल्ली आहेत. इतक्या मऊ आवाजात इतकं कोणी मला बोललं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी दोरी माझ्या हातात ठेवली. "बांधा. पाच." सगळ्या मुलींच्या देखत मी गाठी मारू लागलो.  दोन गाठी ओढल्यावर सुटल्या, तिसरी बसली ती भलतीच. अक्का शेजारी बसून होत्या. त्यांनी मदत केली नाही, घाई केली नाही, दीक्षेची वेळ टळून गेली तरी त्या उठल्या नाहीत. अर्ध्या तासाने माझ्या पाच गाठी झाल्या. मग त्यांनी सईला बोलावून सांगितलं, "ह्या तुझ्या बाबाच्या. तुझ्या तू पुढच्या रविवारी आण. तेव्हा स्कार्फ." इतर मुलींची दीक्षा त्या दिवशी झाली. सई रांगेच्या टोकाला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

घरी येताना ती माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. दार लावून घेण्याआधी एवढंच म्हणाली, "मे महिन्यात परत जायचं. तू शब्द दिला आहेस." तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब आठवडा. पण रविवारी ती चारच्या आधीच तयार होती. दोरी तिने मुठीत धरली होती, मला दिसू नये म्हणून. दोरीला तीन गाठी होत्या हे मला मैदानावर अक्कांच्या अंगठ्याखाली दिसलं. अक्का "बेस" म्हणाल्या. सईने वचन म्हटलं, आधी तमिळमध्ये, मग न विचारता मराठीत. अक्कांनी स्कार्फ तिच्या गळ्यात घातला तेव्हा मी बाकावरच होतो. मला उठायची हिंमत नव्हती.

ही बाई काय होती, हे मला त्या दोन रविवारांत कळलं. मी कारखान्यात माणसं बघतो, यंत्रं बघतो, बिघाड झाला की पाच मिनिटांत हात घालतो. बिघाड दिसत असताना आठ आठवडे हात मागे ठेवून उभं राहायचं, आणि तेही कुणाच्या तरी दहा वर्षांच्या मुलीसाठी, जी दोन महिन्यांत निघूनही जाईल, ही ताकद मी त्याआधी पाहिली नव्हती. मृणालला मी म्हणालो, "मला या बाईंची भीती वाटते." ती म्हणाली, "भीती नाही ती. तू पहिल्यांदा कुणाला तरी मानतो आहेस."

एप्रिल गेला. कॅलेंडरवरची लाल खोडाखोड चालूच होती. कंपनीचं पत्र आलं, जूनची जागा घेणार की सोडणार ते पंचवीस मेपर्यंत कळवा. सईला विचारायची आमची छाती होत नव्हती. आणि त्यातच एका रविवारी अक्कांनी मुलींना गोल बसवून सांगितलं, की त्या जाणार आहेत. गुडघे थकले, जिना चढवत नाही, कॅनडातला मुलगा न्यायला येतोय. तुकडी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी सांभाळेल. मुली रडल्या. मी सईकडे बघत होतो. ती रडली नाही, आणि त्यानेच माझा धीर सुटला. जिच्यामुळे ती इथे टिकली होती तीच निघाली होती. घरी येऊन मी पत्राचं उत्तर मनातल्या मनात लिहून टाकलं. आम्ही परत येतो.

शेवटच्या रविवारी आम्ही त्यांना पोचवायला तांबरम स्टेशनवर गेलो. ऊन कलत होतं, तरी फलाट तापलेला होता. अक्का बाकावर बसल्या, शेजारी सई, दोघींच्या मध्ये दोऱ्यांची पिशवी. एग्मोरकडे जाणारी एक गाडी आली, गेली. अक्का उठल्या नाहीत. दुसरी आली, तीही गेली. मग त्यांनी सईला विचारलं, आणि तेव्हा मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापताना ऐकला.

"कण्णा, पोरी, तू एक देश सोडून आली. मला सांग, तिथं मी कसं राहाचं? कोणी ओळखीचं नाही. भाषा नाही. वय झालं."

सईने बराच विचार केला. "पहिले तीन महिने सगळं वाईट वाटतं," ती म्हणाली. "तेव्हा काही ठरवू नका. आणि तुम्हाला लोक सारखं विचारतील, आवडलं का, आवडलं का. त्यांना सांगा, अजून माहीत नाही."

मी रुळांकडे पाहू लागलो.

"आणि घरात मराठी बोला. हसले तरी बोला."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. त्यांनी सईचं मनगट घट्ट धरलं होतं. आजवर ज्या हाताला मी कधी घाई करताना पाहिलं नव्हतं, तो आता सोडत नव्हता. "आणि तरी नाही बरं वाटलं तर?"

"तर परत या," सई म्हणाली. "आम्ही इथेच आहोत."

तिसरी गाडी फलाटाला लागत होती. अक्कांनी सईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं, एक क्षणभरच, आणि मग त्या पिशवी घेऊन उठल्या. कंपनीचं पत्र माझ्या बॅगेत होतं. मला आता कोणाला काही विचारायचं उरलं नव्हतं.